सातबारा बरोबर, बांध चुकलेला: 'विझडल' फाईलची गोष्ट

(हा पॉडकास्टच्या भागाचा लेखी मजकूर. बोलताना सुटलेल्या एक-दोन गोष्टी इथे भरल्या आहेत, बाकी जसं बोललो तसंच.)

लोकलमध्ये उभ्या उभ्या ऐकत असाल किंवा रात्री जेवणं आटोपून वाचत असाल, दोन्ही चालेल. आज एका फाईलची गोष्ट सांगणार आहे. ती फाईल तुम्ही बहुतेक कधी बघितली नसेल, पण तिच्या जोरावर बँका, विमा कंपन्या आणि एअरलाईन्सची कामं वर्षानुवर्षं चालली. पूर्ण नाव 'वेब सर्व्हिसेस डिस्क्रिप्शन लँग्वेज', म्हणजे डब्ल्यूएसडीएल. ऑफिसमध्ये सगळे तिला 'विझडल' म्हणतात, मीही तेच म्हणणार.

सुरुवात माझ्याच एका चुकीपासून करतो.

एक रिकामा रकाना

नोकरीचं दुसरं वर्ष. एका विमा कंपनीचं काम होतं. आमचा प्रोग्राम ग्राहकाची माहिती गोळा करायचा आणि त्यांच्या सर्व्हरला पाठवायचा, तिकडे पॉलिसी तयार व्हायची. दोघांनी कसं बोलायचं हे एका विझडल फाईलमध्ये लिहिलं होतं. तिला जोडलेल्या आणखी दोन-तीन स्कीमा फाईली होत्या. नॉमिनीची माहिती त्यातल्या एकीत होती.

मी ती फाईल 'साफ' केली. इंडेंटेशन नीट केलं, जुन्या कॉमेंट्स काढल्या. वरच्या टॅगमध्ये एक ॲट्रिब्यूट होतं, ते बिनकामाचं वाटलं म्हणून तेही उडवलं. मग एडिटरमध्ये व्हॅलिडेट केलं. हिरवी खूण आली. त्या फाईलवरून कोड जनरेट केला, बिल्ड झाला, टेस्ट पास झाल्या, पॉलिसी नंबर परत यायला लागले. सगळे खूश.

काही दिवसांनी त्यांच्या ऑपरेशन्स टीममधल्या एका मॅडमचा फोन आला. "अहो, छापून आलेल्या पॉलिसींवर नॉमिनीचं नाव कोरं कसं?"

कुठेही एरर नव्हता आणि लॉगमध्ये लाल अक्षर नव्हतं. नॉमिनीचा रकाना गपचूप रिकामा जात होता. आता विचार करा, ही पॉलिसी ज्याची आहे तो माणूस उद्या गेला, तर त्याच्या बायकोला किंवा आईला वारसाचे कागद गोळा करत ऑफिसं पालथी घालावी लागली असती. तेही मी एक ओळ 'साफ' केली म्हणून.

ते ॲट्रिब्यूट काय होतं ते शेवटी सांगतो. आधी ही फाईल आली कुठून ते बघू, कारण माझी चूक तिच्या इतिहासातच लपलेली होती.

दोन प्रोग्राम बोलणार कसे?

एका मशीनवरच्या प्रोग्रामने दुसऱ्या मशीनवरचं फंक्शन चालवायचं, ही कल्पना जुनी आहे. झेरॉक्स पार्कमधल्या अँड्र्यू बिरेल आणि ब्रूस नेल्सन यांचा त्यावरचा गाजलेला पेपर १९८४चा. त्यातच मुख्य युक्ती होती: इंटरफेसचं वर्णन एकदा लिहायचं, आणि त्यावरून दोन्ही बाजूंचा जोडणीचा कोड एका प्रोग्रामने आपोआप बनवायचा. माणसाने दोनदा लिहायचं नाही, म्हणजे दोनदा चुकायचं नाही.

१९९१ साली कोर्बा आलं. त्याची वर्णनाची वेगळी भाषा होती, आयडीएल. मायक्रोसॉफ्टने आपलं डीकॉम काढलं. दोन्ही चांगली होती, पण एकमेकांशी पटत नव्हतं. शिवाय इंटरनेट पसरल्यावर कंपन्यांनी फायरवॉल उभ्या केल्या, आणि या मंडळींचा ट्रॅफिक दारातच अडायला लागला. दार उघडं होतं ते फक्त वेब पेजसाठी, म्हणजे एचटीटीपीसाठी.

मग १० फेब्रुवारी १९९८ला डब्ल्यूथ्रीसी या वेबच्या मानक संस्थेने एक्सएमएल १.० मंजूर केलं. साधा मजकूर, कोणत्याही मशीनवर वाचता येणारा, आणि आपले टॅग आपणच ठरवायचे. लगेच लोकांच्या डोक्यात आलं की फंक्शन कॉलच एक्सएमएलमध्ये गुंडाळून एचटीटीपीवरून पाठवला तर? त्याच वर्षी डेव्ह वायनर आणि मायक्रोसॉफ्टमधले काही इंजिनिअर यावर काम करत होते. त्यातून एक्सएमएल-आरपीसी निघालं आणि पुढे सोप. सोप १.१ ची नोट मे २००० मध्ये डब्ल्यूथ्रीसीने प्रसिद्ध केली.

सोपने पाकीट ठरवलं. पण पाकिटात काय घालायचं, कोणत्या पत्त्यावर टाकायचं, उत्तर कसं येणार, हे कोण सांगणार? त्यासाठी वर्णन हवं होतं.

सप्टेंबर २०००

तेव्हा आयबीएमकडे नॅसल नावाची एक वर्णनभाषा होती आणि मायक्रोसॉफ्टकडे स्वतःची वेगळी. एरवी एकमेकांचं तोंड न बघणाऱ्या या दोन कंपन्या अरीबा या तिसऱ्या कंपनीला घेऊन एकत्र बसल्या आणि सप्टेंबर २००० मध्ये विझडलचा पहिला मसुदा बाहेर आला. १५ मार्च २००१ला १.१ आवृत्ती डब्ल्यूथ्रीसीच्या साईटवर आली. लेखक चार: एरिक क्रिस्टेन्सन, फ्रान्सिस्को कुर्बेरा, ग्रेग मेरेडिथ आणि संजीवा वीरवर्णा. यातले वीरवर्णा श्रीलंकेचे. ते तेव्हा आयबीएममध्ये होते, पुढे २००५ मध्ये त्यांनी डब्ल्यूएसओटू ही कंपनी काढली.

इथे एक बारीक गोष्ट लक्षात ठेवा. १.१ ही 'नोट' होती, 'रेकमेंडेशन' नव्हे. म्हणजे डब्ल्यूथ्रीसीने ती प्रसिद्ध केली, पण तिच्यावर मानकाचा शिक्का मारला नाही. आणि जगाने वापरली मात्र हीच. आजही कुठल्या जुन्या सिस्टीमची विझडल उघडलीत, तर बहुतेक वेळा १.१च दिसेल.

फाईलमध्ये असतं काय?

तहसील कार्यालय डोळ्यांसमोर आणा. तुम्हाला एक दाखला हवाय.

पहिला भाग 'टाइप्स'. फॉर्मवर कोणते रकाने आहेत, कुठे आकडा हवा, कुठे तारीख, कोणता रकाना रिकामा ठेवला तरी चालतो. दुसरा 'मेसेज'. आत देताना कोणता फॉर्म, बाहेर येताना कोणता कागद. तिसरा 'पोर्टटाइप'. या ऑफिसात कोणकोणती कामं होतात त्याची यादी. चौथा 'बाइंडिंग'. अर्ज कसा द्यायचा, हाताने की पोस्टाने, कोणत्या नमुन्यात. पाचवा 'सर्व्हिस'. ऑफिसचा पत्ता, कोणत्या मजल्यावर कोणती खिडकी.

एवढंच! हे पाच भाग एकमेकांना नावाने बोलावतात. बाइंडिंग पोर्टटाइपचं नाव घेतं, पोर्टटाइप मेसेजचं, मेसेज टाइप्सचं. एका ठिकाणी नाव बदललं आणि दुसरीकडे राहिलं, की साखळी तुटली.

माणसाने वाचायची नव्हती, तरी वाचावी लागली

मूळ स्वप्न असं होतं की ही फाईल मशीनने लिहावी आणि मशीनने वाचावी. मायक्रोसॉफ्टच्या डॉटनेटमध्ये सर्व्हिसच्या पत्त्यापुढे प्रश्नचिन्ह टाकून 'विझडल' लिहिलं की फाईल तयार होऊन समोर यायची. जावावाल्यांसाठी अपाचे ॲक्सिसमध्ये दोन्ही दिशांची साधनं होती: कोडवरून विझडल आणि विझडलवरून कोड.

मग हाताने एडिट करायची वेळ का आली? कारण कोडवरून बनवलेली फाईल कोडसारखीच वागायची. आतल्या क्लासचं नाव बदललं की बाहेरचा करार बदलायचा आणि समोरच्या कंपनीचा प्रोग्राम आडवा पडायचा. म्हणून मोठ्या कामांत लोक म्हणायला लागले, आधी करार लिहा, मग कोड. आणि करार लिहायचा म्हणजे शेकडो ओळींचं एक्सएमएल. नोटपॅडमध्ये हे करणं म्हणजे तांदळातले खडे अंधारात निवडणं.

इथे एक्सएमएल एडिटरचा प्रवेश होतो. ऑस्ट्रियातल्या व्हिएन्नाच्या अल्टोव्हा कंपनीचं एक्सएमएलस्पाय आणि रोमानियातल्या क्रायोव्हा शहरातल्या सिंक्रो सॉफ्टचं ऑक्सिजन, ही दोन नावं या धंद्यात घरोघरी झाली. ऑक्सिजनची पहिली आवृत्ती २००२ची. सुरुवातीला ही साधनं टॅग नीट बंद झालेत का एवढं बघायची. पुढे त्यांत विझडलचे चित्ररूप आराखडे आले, म्हणजे पोर्टटाइप, बाइंडिंग आणि सर्व्हिसचे चौकोन आणि त्यांना जोडणाऱ्या रेषा. आणि सगळ्यात कामाची सोय म्हणजे एडिटरमधूनच सर्व्हिस तपासता येऊ लागली. विझडल उघडायची, ऑपरेशन निवडायचं, एडिटर स्कीमा वाचून नमुना रिक्वेस्ट तयार करणार. रकाने भरायचे, पाठवायचं, खाली उत्तर. ऑक्सिजनमध्ये याला 'विझडल सोप ॲनालायझर' म्हणतात. एक्सएमएलस्पायमध्ये तर सोप डीबगर होता, तो क्लायंट आणि सर्व्हरच्या मध्ये बसून येणारा-जाणारा मेसेज थांबवून दाखवायचा.

२००५ मध्ये स्वीडनच्या ओले लेन्समारने सोपयूआय हे मोफत, ओपन सोर्स साधन काढलं. ते फक्त टेस्टिंगसाठी होतं आणि बघता बघता टेस्टिंगवाल्यांच्या मशीनवर ते असणं गृहीत धरलं जाऊ लागलं.

हिरवी खूण नेमकं काय सांगते?

आता मुद्द्याची गोष्ट. एडिटर 'सगळं ठीक' म्हणतो तेव्हा तो तीन वेगवेगळ्या गोष्टी तपासतो.

पहिली, टॅग उघडले तसे बंद झालेत का. म्हणजे वाक्य व्याकरणात बसतं का. दुसरी, फाईल विझडलच्या आणि स्कीमाच्या नियमांत बसते का. म्हणजे फॉर्म अधिकृत नमुन्यातच आहे ना. तिसरी, नावांची साखळी जुळते का. म्हणजे ज्या खिडकीचा उल्लेख आहे ती खिडकी यादीत आहे का.

या तिन्ही तपासण्या फाईलच्या आत होतात. समोरचा सर्व्हर खरंच तसंच वागतो का, हे यातली एकही सांगत नाही.

गावाकडे म्हातारी माणसं म्हणतात, सातबारा बघून जमीन घेऊ नये, बांधावर उभं राहून बघावं. उताऱ्यावर नाव बरोबर, क्षेत्र बरोबर, शिक्का बरोबर, आणि प्रत्यक्षात शेजाऱ्याने बांध चार फूट आत सरकवलेला. हिरवी खूण म्हणजे सातबारा. रिक्वेस्ट पाठवून उत्तर वाचणं म्हणजे बांधावर जाणं.

एकच भाषा, चार बोली

आणि हे फक्त माझ्यासारख्या नवशिक्याचं झालं असंही नाही. विझडल १.१ ने बाइंडिंगमध्ये निवड ठेवली होती: शैली 'आरपीसी' की 'डॉक्युमेंट', आणि डेटा 'एन्कोडेड' की 'लिटरल'. दोन गुणिले दोन, झाल्या चार बोली. चारही कागदावर चालणाऱ्या. पण एका कंपनीचं साधन एक बोली बोलायचं, दुसऱ्याचं दुसरी. ज्या फाईलचा जन्मच 'सगळ्यांना एकमेकांशी बोलता यावं' यासाठी झाला, ती घेऊन दोन टीम आठवडेच्या आठवडे भांडत बसायच्या.

शेवटी २००२ मध्ये कंपन्यांनी मिळून डब्ल्यूएस-आय नावाची संघटना काढली. तिचं काम नवीन मानक बनवणं नव्हतं. आहे त्या मानकांतलं काय वापरायचं आणि काय नाही, हे ठरवणं होतं. त्यांच्या 'बेसिक प्रोफाईल'ने 'एन्कोडेड' प्रकार सरळ बाद केला. सोबत तपासणीची साधनंही दिली, एक मेसेज पकडणारं आणि एक ते नियमांशी ताडून बघणारं. म्हणजे मानकाचा अर्थ काय हे सांगायला दुसरं मानक लागलं! आपल्याकडे जीआर निघतो आणि मग त्याचं शुद्धिपत्रक निघतं, तसंच.

स्वप्न कुठे विरलं?

विझडलचा एक भाऊ होता, यूडीडीआय. जगभरातल्या वेब सर्व्हिसेसची सार्वजनिक डिरेक्टरी. कल्पना अशी की प्रोग्राम स्वतःच डिरेक्टरीत शोधणार, विझडल उतरवून घेणार आणि बोलायला लागणार, मध्ये माणूस नाहीच. आयबीएम, मायक्रोसॉफ्ट आणि सॅप यांनी चालवलेली ती सार्वजनिक नोंदवही जानेवारी २००६ मध्ये बंद झाली. कारण समजण्यासारखं आहे. अनोळखी सर्व्हिसशी कोण व्यवहार करणार? आधी माणसं बोलतात, भाव ठरतो, विश्वास बसतो, मग प्रोग्राम बोलतात.

गुगलने २००२ मध्ये सर्चसाठी सोप एपीआय दिलं होतं, दिवसाला १००० शोधांच्या मर्यादेत. डिसेंबर २००६ मध्ये त्यांनी त्याच्या नव्या की देणं थांबवलं. आणि विझडल २.० ला डब्ल्यूथ्रीसीचा पक्का शिक्का कधी मिळाला? जून २००७ मध्ये. वऱ्हाड घरी पोचल्यावर मुहूर्त निघाला. २.० मध्ये सुधारणा खऱ्या होत्या. पोर्टटाइपला 'इंटरफेस' असं कळणारं नाव मिळालं, 'मेसेज' हा वेगळा भागच काढून टाकला. पण तोवर नव्या कामांसाठी लोक रेस्ट आणि जेसनकडे वळले होते, आणि जुन्या कामांना १.१ पुरत होतं.

रेस्टवाले म्हणाले, वर्णनाची फाईल वगैरे काही नको, साधा पत्ता आणि साधं जेसन. काही वर्षं मजेत गेली. मग एपीआय वाढली आणि 'हा रकाना आकडा आहे की मजकूर?' असे मेल सुरू झाले. २०११च्या सुमारास वर्डनिक या कंपनीत टोनी टॅमच्या कामातून स्वॅगर बाहेर आलं. २०१६ पासून आपण त्याला ओपनएपीआय म्हणतो. एपीआयचं वर्णन करणारी, मशीनने वाचायची फाईल! टॅग गेले, यामल आलं, पण १९८४ची युक्ती तीच. आणि गंमत बघा, सोपयूआय आणि स्वॅगर ही दोन्ही साधनं पुढे एकाच कंपनीच्या हातात गेली, स्मार्टबेअरच्या.

एक्सएमएलही संपलेलं नाही. तुम्ही टपरीवर क्यूआर स्कॅन करून १५ रुपये देता तेव्हा यूपीआयमध्ये बँका आणि एनपीसीआय यांच्यात जे मेसेज जातात ते एक्सएमएलच असतात. तिथे विझडल नाही, पण कोणत्या रकान्यात काय आणि कोणत्या नेमस्पेसखाली, हा प्रश्न आहेच.

तर ते ॲट्रिब्यूट

आता माझ्या चुकीकडे. एक्सएमएलमध्ये नेमस्पेस म्हणजे आडनाव समजा. मी उडवलेल्या ॲट्रिब्यूटचं नाव 'एलिमेंट-फॉर्म-डिफॉल्ट'. त्याची किंमत होती 'क्वालिफाइड', म्हणजे आतल्या प्रत्येक रकान्याने आडनाव लावूनच यायचं. ते ॲट्रिब्यूट लिहिलंच नाही, तर स्कीमाचा नियम उलटा होतो: आतल्यांनी आडनाव लावायचं नाही. दोन्ही प्रकार वैध आहेत. म्हणून एडिटरने मला हिरवी खूण दिली आणि त्याचं काहीच चुकलं नाही.

आमचा प्रोग्राम नॉमिनीचं नाव बिनआडनावाने पाठवायला लागला. समोरचा सर्व्हर आडनाव बघून शोधत होता. त्याला कुणी ओळखीचं दिसलं नाही, म्हणून त्याने रकाना रिकामा धरला. स्कीमात तो रकाना ऐच्छिक होता आणि सर्व्हरवर येणारा मेसेज स्कीमाशी ताडून बघायची सोय बंद होती, त्यामुळे एररही नाही. बाकीची माहिती दुसऱ्या स्कीमा फाईलमध्ये होती, ती मी बिघडवली नव्हती, म्हणून पॉलिसी नंबर छान येत होते.

सापडलं कसं? सिनिअर सरांनी फाईल बघितलीच नाही. त्यांनी सर्व्हरवरची मूळ विझडल एडिटरमध्ये उघडली आणि नमुना रिक्वेस्ट बनवून घेतली. शेजारी आमच्या प्रोग्रामने खरोखर पाठवलेली रिक्वेस्ट लावली. एकीत नॉमिनीच्या प्रत्येक टॅगपुढे प्रीफिक्स, दुसरीत नाही. दहा मिनिटांचं काम. मग म्हणाले, "तू फाईल तपासलीस रे, संवाद नाही तपासलास."

आम्ही चूक कळवली, गेलेल्या सगळ्या पॉलिसींची यादी काढून दिली. त्या मॅडमच्या टीमने एकेक नॉमिनी परत भरून घेतला. त्यांचा तो आठवडा माझ्यामुळे गेला, आणि त्यांनी ते बोलूनही दाखवलं. बरोबरच होतं.

तेव्हापासून मी तीन गोष्टी करतो. तुम्ही विझडलवर काम करा नाहीतर ओपनएपीआयवर, उपयोगी पडतील. एक, करारातली जी ओळ कळत नाही ती काढायची नाही, आधी ती का आहे ते विचारायचं. दोन, हातची प्रत बदलली की ती सर्व्हरवरच्या मूळ प्रतीशी ताडून बघायची. तीन, टेस्टमध्ये 'उत्तर आलं' एवढ्यावर थांबायचं नाही. जे पाठवलं ते पलीकडे खरंच नोंदलं गेलं का, हे परत मागवून रकाना-रकाना बघायचं. ऐच्छिक रकाने तर आधी, कारण तेच आवाज न करता हरवतात.

वीस-पंचवीस वर्षांत भाषा बदलल्या, कंस बदलले, साधनांची नावं बदलली. फाईल आपल्याला सांगते की दोघांनी काय कबूल केलंय. कबूल केल्याप्रमाणे दोघं वागतायत का, हे बघायला आजही कुणालातरी बांधावर जावं लागतं.

आजच्यापुरतं एवढंच. तुमच्या कामात असा एखादा मुका एरर सापडला असेल तर मला नक्की कळवा. आणि हो, घरी एखादी पॉलिसी असेल तर आज ती काढा आणि नॉमिनीचा रकाना एकदा बघून घ्या. भेटू पुढच्या भागात!